खाद्यतेलांच्या वेष्टनावरील दावे आणि हृद्विकार

वनस्पतिजन्य तेलाच्या वेष्टनावर ‘रक्तातील कोलेस्टेरॉल घटविते’ असा मजकूर असला, की ग्राहक त्याचा अर्थ ‘हृद्विकार टाळते’ असा करतो. शास्त्रदृष्ट्या ही दोन विधाने भिन्न होत. पहिले रक्तपरीक्षेतील एका आकड्याविषयी आहे. दुसरे रोग व मृत्यू यांविषयी.

सिडनी येथील एका प्रयोगावरून हा भेद स्पष्ट होतो. १९६६ ते १९७३ या काळात, हृद्विकाराचा तीव्र प्रसंग नुकताच ओढवलेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाच्या आहारात संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्गारिन योजण्यात आले. त्या गटाचे कोलेस्टेरॉल घटले. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्विश्लेषणानुसार त्यातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्के, तर दुसऱ्या गटातील ११.८ टक्के होते.

यावरून सर्वच तेले अपायकारक ठरत नाहीत. प्रयोग लहान होता. मार्गारिनमध्ये ट्रान्स-मेदाम्ले असावीत, अशी शंकाही टीकाकारांनी घेतली आहे. शिवाय करडईच्या त्या तेलात मुख्यत्वे लिनोलेइक आम्ल असते, तर कॅनोला व सोयाबीन तेलांत त्याच्या जोडीला अल्फा-लिनोलेनिक आम्लही असते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली कॅनोला तेलाविषयीच्या दाव्यास हरकत घेतली नाही. मात्र पुरावा मर्यादित व अनिर्णायक आहे, तेल संपृक्त मेदाच्या जागी घ्यावे आणि एकूण उष्मांक वाढू नयेत, हे दाव्यातच नमूद करावयास लावले. नेहमीच्या आहारात तेलाची केवळ भर घालणाऱ्यास हा दावा लागू पडत नाही.