प्रथम प्रतिसादकांचे शिक्षक
अमेरिकेत आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या चार पायऱ्या मानल्या जातात. त्यांतील पहिली ‘इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर’ची असून, रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत मोजक्या साधनांनिशी रुग्णाचा जीव राखणे एवढेच या प्रतिसादकाचे काम असते. अग्निशामक दलातील जवान आणि पोलीस अनेकदा हे शिक्षण घेतात. ते देण्याचा अधिकार प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनुसार बहाल करते; मात्र उमेदवाराकडे त्याच किंवा वरच्या पायरीचे प्रमाणपत्र असावे, त्याने अध्यापनशास्त्राचा, म्हणजे पाठ आखण्याचा, शिकवण्याचा व परीक्षण करण्याचा अभ्यासक्रम पुरा करावा आणि अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्ग घ्यावेत, अशी अपेक्षा सर्वसाधारणपणे आढळते. यांतील शेवटची अट सर्वांत मोलाची म्हणावी लागेल, कारण निष्णात जीवरक्षक हा चांगला शिक्षक असतोच असे नाही (इतर विद्यांचेही तसेच आहे). उदाहरणार्थ, सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर विद्यार्थी मिनिटाला 100 ते 120 या गतीने आणि किमान 5 सेंटिमीटर खोल दाब देत असला, तरी छाती पूर्ण वर येण्याआधीच तो पुन्हा भार टाकतो आहे, ही चूक शिक्षकाला तत्काळ टिपता आली पाहिजे आणि विद्यार्थ्याला खजील न करता सुधारताही आली पाहिजे. शिक्षकपदाची मान्यताही सहसा कायमची नसते. ठरावीक मुदतीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते.