बिऱ्हाडाला जागा कोठे आहे?

मुंबई शहरात नोकरी मिळविणे कठीण आहे. पण त्या नोकरीपासून तासाभराच्या अंतरावर बिऱ्हाड थाटण्यास जागा मिळविणे त्याहूनही कठीण होऊन बसले आहे. गिरगावात किंवा दादरला दोन खोल्या भाड्याने हव्यात असे म्हणणारा तरुण आज भाबडा ठरतो. साधा हिशेब मांडून पाहावा. महिना ४५,००० रुपये मिळविणाऱ्या शिक्षकाने वेतनाचा तिसरा हिस्सा घरभाड्यासाठी बाजूला काढला, तर हाती १५,००० रुपये येतात. एवढ्या रकमेत दादरच्या चांगल्या इमारतीत त्याला कोणी जागा दाखविणारही नाही. वर अनामत आणि दलाली आहेच. मग तो डोंबिवली, बदलापूर, विरार असा रुळांच्या कडेने दूर दूर सरकत जातो. आणि भाड्यात जे वाचते ते लोकलच्या गर्दीत आयुष्याच्या तासांनी चुकते करतो.

ही अवस्था आपोआप ओढवलेली नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईच्या आणि फाळणीच्या त्या दिवसांत हे करणे न्याय्यच होते. परंतु तात्पुरता उपाय अर्धशतक टिकला. घरमालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने पागडी धरली, आणि भाड्याने देण्यासाठी चाळ बांधण्याचा उद्योग या शहरातून जवळजवळ नाहीसा झाला. पुढे १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराने राहणारे परवानाधारकही कायद्याने भाडेकरू ठरले. त्यामुळे अनेकांचे छप्पर वाचले हे खरे. पण मालकांच्या मनात जी धास्ती बसली ती तीन पिढ्यांनंतरही उतरलेली नाही.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याची तरतूद आता वाजवी राहिली नसल्याचे म्हटले. त्यानंतर आलेला १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने जुन्या भाडेकरूचे संरक्षण कायम ठेवून भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पागडीला कायदेशीर रूप दिले आणि नव्या माणसाला ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या स्वाधीन केले. या करारात मुदत संपताच घर सोडावे लागते; न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. करार अकरा महिन्यांचा करण्याची चाल मात्र गंमतीची आहे. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नसे, म्हणून ती पडली. आता महाराष्ट्रात प्रत्येक करार नोंदविणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. कारण गेले, चाल राहिली! एकाच गल्लीत एक कुटुंब जेमतेम काही शेकड्यांत राहते आणि दुसरे दर वर्षी सामान बांधते. जुन्याला अभय आणि नव्याला भय अशी ही व्यवस्था आहे.

घरेच नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. एकट्या मुंबईत ती सुमारे ४ लाख ८० हजार होती. शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. या कुलूपबंद घरांचे मालक कोणी दूरचे कुबेर नाहीत. आमच्या वाचकांपैकीही काहींनी निवृत्तीच्या पैशांतून दुसरे घर घेऊन ठेवले असेल. ते भाड्याने देताना, शाकाहारी आहात काय, लग्न झाले आहे काय, आडनाव काय, असे प्रश्न आपणच विचारतो की नाही? एकटी राहणारी नोकरदार स्त्री आणि मुसलमान बिऱ्हाडकरू यांना भाड्याची रक्कम हातात असूनही जिने उतरावे लागतात, याचा दोष कोणत्याही कायद्यावर ढकलता येणार नाही. काही गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी तर घर भाड्याने देणे हाच गुन्हा समजतात. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक घेऊ नये असे शासनाने २००१ मध्येच ठरवून दिले आहे, हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे.

सरकारचे वर्तन तर अधिकच विचित्र आहे. १९२० च्या दशकात परकीय राजवटीने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी भाड्याच्या बीडीडी चाळी बांधल्या. खोल्या जेमतेम १६० चौरस फुटांच्या होत्या, पण भाड्याने मिळत. आता त्यांचा पुनर्विकास होऊन रहिवाशांना ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळत आहेत; २०२५ च्या ऑगस्टात वरळीतील ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे कोंदट खोल्यांत काढलेल्या या माणसांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. पण भाड्याची ती घरे शहराच्या हिशेबातून गेली, त्यांच्या जागी भाड्याची किती आली? २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची योजना काढली. त्यातलीही बरीच घरे पुढे गिरणी कामगारांना मालकीने देण्यात आली.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच ठेवली आहे. राज्यांवर तो बंधनकारक नाही. पण एवढे एक कलम उचलण्यास कोणाची हरकत असावी? दुसरे, सार्वजनिक जमिनीवर होणाऱ्या प्रत्येक पुनर्विकासात विक्रीसाठी जी घरे निघतात, त्यांतला ठराविक हिस्सा म्हाडाने स्वतःकडे ठेवून शिक्षक, परिचारिका, कारकून यांना किमान पाच वर्षांच्या कराराने, वेतनाच्या प्रमाणात भाडे आकारून द्यावा. मालकी म्हाडाचीच राहावी आणि एक बिऱ्हाड गेले की तेथे यादीतले दुसरे यावे. वरळीचे उरलेले काम अद्याप चालू आहे. सुरुवात तेथूनच करता येईल.