लुकलुकणारे बारा

व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर, म्हणजेच व्हीसीआर, आता इतिहासजमा होत चालला आहे. तो बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी शेवटच्या, जपानच्या फुनाईने २०१६ साली त्याचे उत्पादन थांबवले. तरीही शाळेच्या कपाटात किंवा घराच्या माळ्यावर एखादा व्हीसीआर सापडतो. लग्नाच्या आणि स्नेहसंमेलनाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्यासाठी तो पुन्हा जोडला जातो. वीज सुरू केली की अनेक यंत्रांच्या दर्शनी पट्टीवर आकडे लुकलुकू लागतात : १२:००. कित्येक घरांत हे आकडे यंत्र नवे असतानाही वर्षानुवर्षे तसेच लुकलुकत असत. घड्याळ कसे लावायचे ते पुस्तिकेत दिलेले असे. पण ते का लावावे लागते हे समजून घेतले, तर कालमापनाचा एक चांगला पाठ हाती लागतो.

व्हीसीआरला घड्याळ हवेच कशाला? आपण नसताना कार्यक्रम टिपून ठेवता यावा म्हणून. २४ ऑक्टोबर १९९५ चे खग्रास सूर्यग्रहण दूरदर्शनने थेट दाखवले होते. त्या सकाळी आकाशातले ग्रहण सोडून टीव्हीपुढे बसायचे नसेल, तर आदल्या दिवशी टायमर लावून ठेवणे हा सोयीचा मार्ग होता. पण त्यासाठी यंत्राला आजची तारीख आणि आत्ताची वेळ ठाऊक असायला हवी.

मोजणी कशाची?

घड्याळ म्हणजे मोजणी. एकसारखी, पुन्हापुन्हा घडणारी एखादी घटना निवडायची आणि ती किती वेळा घडली ते मोजत राहायचे. जुन्या भिंतीवरच्या घड्याळात ही घटना लंबकाचा झोका ही होती. वीजजोडणीवरच्या काही इलेक्ट्रॉनिक घड्याळांत ती घरातल्या विजेतूनच मिळे. आपल्याकडील प्रत्यावर्ती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने, धरलेली आहे. घड्याळ अशी ५० आवर्तने मोजते आणि एक सेकंद पुढे सरकते.

आता वारंवारता ४९ झाली तर? तासाभरात खऱ्या ३,६०० सेकंदांऐवजी ३,५२८ सेकंदच मोजले जातील. म्हणजे घड्याळ तासाला ७२ सेकंद आणि दिवसाला जवळजवळ २९ मिनिटे मागे पडेल. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जनित्रे मंदावतात आणि वारंवारता उतरते. १९९० च्या दशकात आपल्या जाळ्यात असे वारंवार होई. आज ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे.

दुसरा आणि अधिक भरवशाचा मार्ग क्वार्ट्झच्या स्फटिकाचा. नादकाट्याच्या आकाराचा तांदळाएवढा स्फटिक विजेच्या साहाय्याने सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटला तरी तो मुद्दाम निवडलेला आहे. २ ला २ ने गुणत १५ व्या घातापर्यंत गेलो की ३२,७६८ येतात. म्हणून ही संख्या १५ वेळा निम्मी केली की नेमका १ उरतो, आणि निम्मे करण्याचे काम अंकीय मंडलाला फार सोपे असते. मात्र या स्फटिकाला सुमारे २५ अंश सेल्सियस तापमान मानवते. ४२ अंशांच्या उन्हाळ्यात तो दिवसाला एक सेकंदापेक्षा थोडा कमी, म्हणजे महिन्याला पंचवीसेक सेकंद, मागे पडू शकतो.

वीज गेली की

मोजणी स्फटिकाची असो वा विजेच्या आवर्तनांची, झालेली मोजणी लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीला सतत वीज लागते. काही यंत्रांत त्यासाठी छोटा सेल असे, काहींत काही मिनिटे पुरेल इतका विद्युतभार साठवणारा धारित्र असे. पण २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. तिथे हा धारित्र काय पुरणार? वीज परत आली की स्मृती कोरी, आणि यंत्र आपल्या ठरलेल्या आरंभबिंदूवर, १२:०० वर, उभे.

आकडे लुकलुकतात ते मात्र बिघाडामुळे नव्हे. 'मला वेळ ठाऊक नाही, माझ्यावर विसंबू नका' हे सांगण्याची ती योजना आहे. न लुकलुकता चुकीची वेळ दाखवणाऱ्या घड्याळापेक्षा हे घड्याळ अधिक प्रामाणिक म्हणायचे!

शेवगावचे बारा

मोजणीला आरंभबिंदू बाहेरून द्यावा लागतो. तो कोठून आणायचा? सूर्य डोक्यावर आला की बारा, असे धरून चालेल का?

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगावचे उदाहरण घेऊ. शेवगाव सुमारे ७५.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. फरक ७.३ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून शेवगावची स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २९ मिनिटे मागे आहे. तिथे सूर्य मध्यान्हीला येतो तो सरासरीने १२ वाजून २९ मिनिटांनी. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्याने ही वेळही वर्षभर बदलते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:१३ च्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२:४३ च्या आसपास असते.

म्हणजे आपण घड्याळात लावतो ती वेळ सूर्याची नसून सर्वांनी मान्य केलेली आहे. हा करार १ जानेवारी १९०६ पासूनचा. मुंबईने मात्र प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असणारी आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत काही व्यवहारांत टिकवून धरली होती. आज ही प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळे राखतात.

आधी वर्ष, मग तास

बहुतेक व्हीसीआर आधी वर्ष विचारतात, नंतर महिना, तारीख, तास आणि मिनिटे. हा क्रम तर्काला धरून आहे. वर्ष कळले की फेब्रुवारीचे दिवस २८ की २९ हे ठरते आणि वारही यंत्राला स्वतःच काढता येतो. मिनिटे शेवटी, कारण बहुधा शेवटचे बटण दाबताक्षणी सेकंद शून्यापासून सुरू होतात. म्हणून एक मिनिट पुढचे लावून ठेवावे आणि ते मिनिट भरताच बटण दाबावे.

काही जुन्या यंत्रांतील वर्षे एका ठिकाणी संपतात. आजचे वर्ष त्यांत बसतच नाही. अशा वेळी २८ वर्षे मागचे वर्ष लावावे : २०२४ साठी १९९६, २०२५ साठी १९९७. तारखा आणि वार तंतोतंत जुळतात. असे का? ३६५ ला ७ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून दरवर्षी वार एकाने पुढे सरकतो, आणि लीप वर्षामुळे आणखी एकाने. २८ वर्षांत २८ अधिक ७ असे ३५ वार सरकतात, म्हणजे बरोबर पाच आठवडे. २८ ला ४ ने भाग जात असल्याने लीप वर्षाची जागाही तीच राहते. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता. २८ वर्षांनी 'शोले' प्रदर्शित झाला, तो १५ ऑगस्ट १९७५ चा दिवसही शुक्रवारच. हा नियम १९०१ ते २०९९ पर्यंत चालतो. २१०० हे लीप वर्ष नसल्याने तिथे साखळी तुटते.

रात्रीचे साडेबारा कोणत्या दिवशी?

टायमर चुकण्याचे एक कारण यंत्रात नसून आपल्या भाषेत आहे. 'शनिवारी रात्री साडेबाराला सिनेमा आहे' असे आपण म्हणतो, कारण आपल्या परंपरेत वार सूर्योदयाला बदलतो. यंत्राचा वार मध्यरात्रीच बदलतो. त्याच्या लेखी ती वेळ रविवारची, ००:३० ची. शनिवारची तारीख लावली तर सिनेमाऐवजी शुक्रवार उलटल्यावर लागलेला दुसराच कार्यक्रम टिपला जाईल. बारा तासांच्या पद्धतीत गोंधळ आणखी वाढतो, कारण मध्यरात्रीचे बारा 'एएम' आणि दुपारचे बारा 'पीएम' असतात.

वर्गात करून पाहा

हातातला मोबाइल वेळ जाळ्यातून आपोआप घेतो, त्यामुळे घड्याळाला वेळ मुळातच ठाऊक असते असे मुलांना वाटू लागते. ते तपासायला दोन प्रयोग पुरेत. पहिला : मोकळ्या मैदानात काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि दुपारी १२ ते १ दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खुणेने नोंदवा. सर्वांत आखूड सावलीची वेळ आपल्या गावाच्या रेखांशावरून काढलेल्या वेळेशी ताडून पाहा. दुसरा : सेलवर चालणारे भिंतीवरचे घड्याळ मोबाइलशी सेकंदासकट जुळवा आणि महिनाभर दर सोमवारी फरक लिहा. एक महिना डिसेंबरात आणि एक मे महिन्यात घेतला, तर स्फटिकाला उन्हाळा किती बाधतो तेही मुलांच्या वहीत उतरेल.