ग्रीसला जाताना आधी दुपार ठरवा

परदेशाची सहल ठरली की आपल्या घरात पहिल्यांदा माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. मग चिवडा किती, चटण्या कुठल्या, स्वेटर घ्यायचे की नाही, यावर चार दिवस चर्चा चालते. त्यात वावगं काही नाही. पण उन्हाळ्यात ग्रीसला, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी जायचं असेल, तर बॅगेच्या आधी एक प्रश्न कागदावर लिहून काढावा : रोज दुपारी एक ते पाच आपण कुठे असणार? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, त्याची निम्मी तयारी झाली म्हणून समजा.

तुम्ही म्हणाल, उन्हाचं आम्हाला काय सांगता? आम्ही विदर्भातला मे महिना काढलेली माणसं! खरी गोम इथेच आहे. आपला उन्हाळा पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. मे सरता सरता वळीव येतो, ढग येतात. ग्रीसचं गणित उलटं. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळाभर आभाळ कोरडं असतं. अथेन्समध्ये वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस, त्यातला जुलैच्या वाट्याला येतो जेमतेम एखाद्या सरीएवढा. मुंबईत सदरा घामाने भिजला की आपण सावध होतो. तिथे हवा कोरडी आणि समुद्रावरून वारा, त्यामुळे घाम येतो तसा वाळतो. वारा गोड लागतो आणि अंगातलं पाणी गेलेलं कळत नाही. शिवाय नागपुरात आपण मे महिन्याच्या भर दुपारी गड चढायला निघतो का? सुट्टीवर गेलेला माणूस मात्र निघतो, कारण त्याने पैसे मोजलेले असतात.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे अलीकडच्या काही उन्हाळ्यांनी दाखवलं आहे. जून २०२४ मध्ये ग्रीसच्या सिमी बेटावर, आरोग्यविषयक कार्यक्रमांसाठी ब्रिटनमध्ये घरोघरी ठाऊक असलेले डॉक्टर मायकल मोझली भर दुपारी एकटेच पायी निघाले. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूचं नेमकं कारण चौकशीत ठामपणे सांगता आलं नाही, पण उष्माघाताची शक्यता नोंदवली गेली. त्याच महिन्यात ग्रीसमध्ये आणखीही काही पर्यटक उन्हात चालायला गेले ते परतले नाहीत. २०२२च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने ६१ हजारांहून अधिक माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत वृद्धांचं प्रमाण फार मोठं होतं. आपण आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना हौसेने बरोबर नेतो. म्हणून हे आधी सांगितलं.

तिथले लोक मग काय करतात? ते झोपतात! ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच ही शांततेची वेळ कायद्याने ठरवलेली आहे. त्या वेळात शेजाऱ्याला आवाजाचा उपद्रव देता येत नाही. पुण्यातल्या 'एक ते चार बंद'च्या पाटीवर आपण विनोद करतो, पण हे शहाणपण फार जुनं आहे. मराठीत ती वामकुक्षी, आमच्या मुसलमान घरांत कैलूला, स्पेनमध्ये सिएस्टा. आयोनियन ग्रीकांच्या नावावरून आपल्याकडे 'यवन' हा शब्द आला. पुढे तो आमच्या वाट्याला आला, ती गोष्ट निराळी. पण दुपारी आडवं होण्याच्या बाबतीत यवनांचं आणि आपलं एकमत आहे.

तेव्हा दिवस असा बेतावा. सकाळी लवकर उठून अवशेष, वस्तुसंग्रहालय, चढाव जे काही असेल ते बारापर्यंत आटपावं. मग जेवण आणि विश्रांती. पाचनंतर समुद्र. जूनअखेरीस अथेन्समध्ये सूर्य पावणेनऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे संध्याकाळ ऐसपैस मिळते. जेवायलाही लोक नऊनंतरच बसतात. अक्रोपोलिसच्या तिकिटावर आता प्रवेशाची वेळ ठरलेली असते. सकाळची पहिली वेळ आधीच घेऊन ठेवा. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी उष्णतेच्या लाटेत ही टेकडी दुपारचे काही तास बंद ठेवावी लागली होती. वरचा संगमरवर पावलांनी गुळगुळीत झालेला आहे, म्हणून घट्ट तळव्याचे बूट हवेत.

महिना कोणता निवडावा? इथे आपलं नशीब चांगलं आहे. आपल्या शाळांची सुट्टी आणि ग्रीसचा सुखाचा काळ मे महिन्यात एकमेकांना भेटतात. मेमध्ये समुद्र जरा गार लागतो, पण फिरायला हवा उत्तम. सप्टेंबरचा उत्तरार्धही चांगला. १५ ऑगस्टची सुट्टी जोडून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की त्या दिवशी ग्रीसमध्येही मेरीमातेचा मोठा सण असतो. बोटी आणि खोल्या भरलेल्या असतात.

कागदपत्रांचं काम आधीच उरकावं. ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ दिवसही लागतात. प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झालं. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू असावा. ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, पण घरच्या वृद्धांचे जुने आजार त्यात धरले आहेत का, हे बारीक अक्षरांत वाचून घ्या. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, म्हणून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

आता बॅग. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. उन्हात त्यांचं काय करायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी बंद करू नका. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत ठेवा. कोडीन असलेली खोकल्याची वा दुखण्याची औषधं तिथे नियंत्रणाखाली आहेत. मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या, रुंद काठाची टोपी, पातळ सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि एक उपरणं किंवा ओढणी घ्यावी. ती उन्हात डोक्यावर आणि चर्चमध्ये उघड्या खांद्यांवर, दोन्हीकडे कामाला येते. हापूस, तूप, पेढे घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत आणि आंब्यालाही प्रमाणपत्र लागतं. अथेन्समध्ये नळाचं पाणी पिता येतं. अनेक लहान बेटांवर मात्र बाटलीचं पाणी घ्यावं लागतं.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा : 'निस्तीसिमा', म्हणजे उपवासाचं. तिथल्या ख्रिस्ती उपवासात मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं. भरलेले टोमॅटो, पिवळ्या डाळीचा 'फावा', मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे 'यिगान्देस' हे पदार्थ आपल्या जिभेला परके वाटत नाहीत. फक्त शिंपले आणि कोळंबी त्या उपवासाला चालतात, तेवढं विचारून घ्या.

समुद्राचंही थोडं वेगळं आहे. कोकणातला माणूस भरती-ओहोटी पाहून पाण्यात उतरतो. एजियन समुद्रात पाण्याची चढउतार बहुतेक ठिकाणी फुटाच्या आतच राहते. पण त्यामुळे तो निरुपद्रवी होत नाही. किनारे पुष्कळदा गोट्यांचे, पाणी एकदम खोल आणि खडकांवर काळे काटेरी गोळे चिकटलेले, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट न्या. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि जोर वाढला की बोटी बंदरातच थांबवतात. बेटावरून परतण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस एकच ठेवू नये. मध्ये एक रात्र अथेन्समध्ये काढावी.

कोरड्या उन्हाळ्याचं आणखी एक भय म्हणजे वणवा. जुलै २०१८ मध्ये अथेन्सजवळच्या माती या किनारी वस्तीत शंभराहून अधिक माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्स बेटावर सुमारे १९ हजार लोकांना हलवलं गेलं, काहींना समुद्रमार्गे. आता अशा वेळी मोबाइलवर ग्रीक आणि इंग्रजीत सूचना येते. ती आली की सामान आवरत बसू नये. पासपोर्ट आणि औषधं एका लहान पिशवीत एकत्र असली, तर ती उचलून निघता येतं. मदतीचा क्रमांक ११२.

एवढं सगळं ऐकून सहलच नको, असं वाटून घेऊ नका. यातलं बहुतेक काम घरबसल्या दोन संध्याकाळी होतं. फक्त सहलीचा तक्ता हाती आला, की त्यातलं दुपारी दोनचं एखादं 'प्रेक्षणीय स्थळ' पेन्सिलीने खोडा आणि तिथे 'झोप' असं लिहा. आजी-आजोबा दुवा देतील आणि संध्याकाळी समुद्रावर तुमच्या आधी पोचलेले असतील.