पेढ्याची गोळी

आमच्या बोक्याचं नाव पेढा. मी आठवीत असताना डोंबिवलीत एका मिठाईच्या दुकानाबाहेर सापडला, म्हणून पेढा. गेल्या वर्षी त्याला डायबेटिस निघाला. हसा, हरकत नाही. बिल्डिंगमधले सगळे हसून झालेत.

दिवाळीनंतर तो धापा टाकायला लागला तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी टू-डी इको केला. हृदयाचे स्नायू जाड झाले होते. मांजरांमध्ये सर्वाधिक आढळणारा हृदयविकार हाच. म्हणजे आता दर बारा तासांनी इन्सुलिन आणि शिवाय हृदयाच्या गोळ्या. आणि मला सात-आठची लोकल!

तुम्ही कधी मांजराला गोळी दिली आहे? मग तुम्हाला माहीतच असेल. पहिल्या आठवड्यात मी गोळी चुरून त्याच्या ताटलीत मिसळली. कसली हुशारी वाटली होती स्वतःची! पेढ्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. नाश्ता केलाच नाही. आणि खाल्लं नसेल तर नेहमीचं इन्सुलिन टोचायचं नसतं, कारण साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणजे एका गोळीपायी जेवण गेलं, आणि जेवणापायी इन्सुलिन अडकलं. सकाळी साडेसहाला डॉक्टरांना फोन.

तेव्हापासून आमच्याकडे नियम ठरला: त्याच्या जेवणात औषध नाही. आधी जेवण, मग इन्सुलिन, शेवटी गोळी. गोळी लपवायचीच असेल तर उकडलेल्या चिकनच्या एका तुकड्यात. ‘मलईत दे’, ‘मधात घोळव’, असे सल्ले खूप मिळतात. पण डायबेटिस असलेल्या मांजराला रोज मध कसा चालेल? गोडाची चव मांजराला मुळात कळतच नाही, मग साखर घालून फायदा कोणाला?

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिली जाते ती क्लोपिडोग्रेल ही गोळी तर भयंकर कडू. जिभेला लागली की तोंडातून फेसच! डॉक्टरांना विचारून आम्ही तिचा तुकडा छोट्या रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालतो. मान किंचित वर, कॅप्सूल जिभेच्या मागे, आणि लगेच सुई नसलेल्या सिरिंजने थोडं पाणी. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते, म्हणून पाणी हवंच.

हीच गोळी बाबांनाही अँजिओप्लास्टीनंतर सुरू आहे. म्हणून त्यांच्या पाकिटातली उचलून द्यायची नाही, हे आम्ही फ्रिजवर लिहून ठेवलंय. किती द्यायची ते डॉक्टरच ठरवतात. माणसांची साधी पॅरासिटामॉलसुद्धा मांजराचा जीव घेते.

आता माझी चूक सांगते. आजीलाही डायबेटिस आहे. तिचं इन्सुलिन ४० युनिटवालं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेढ्याचं १०० युनिटवालं, सिरिंज केशरी टोपीची. एका सकाळी घाईत मी पेढ्याचं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं. रेघ बरोबर दोनवर होती, पण आत होतं पाच युनिट. म्हणजे अडीचपट! आजी ओट्याशी चहा करत होती. म्हणाली, ‘‘अगं, ती माझी सुई ना?’’ माझे हातच गार पडले. आता दोन वेगळे डबे आहेत, आणि टोचण्याआधी मी रंग मोठ्याने म्हणते.

त्या दिवशी ते टोचलं गेलं असतं तर? साखर उतरली की एरवी हृदय जोरात धडधडतं. पण पेढ्याला अ‍ॅटेनोलॉल सुरू आहे. ते हृदयाचा वेग कमी ठेवतं, म्हणजे धोक्याची ही घंटाच दाबली जाते. म्हणून मी धडधडीवर विसंबत नाही. चाल झोकांड्या खाते का, नजर हरवल्यासारखी वाटते का, हे बघते आणि शंका आली की कानाच्या कडेला टोचून ग्लुकोमीटरवर साखर मोजते. दवाखान्यात घाबरून मांजराची साखर वाढते, त्यामुळे घरचा आकडा डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. मध आमच्याकडेही आहे, पण तो साखर अचानक उतरली तर हिरड्यांना लावायला. तो लावून थेट दवाखाना गाठायचा.

अजून एक. खाज, अ‍ॅलर्जी म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर दोन्ही आजार आधी सांगा. स्टिरॉइडने साखर वाढते आणि दुखऱ्या हृदयावर ताण येऊ शकतो.

ट्रिपला यायला जमत नाही म्हटलं की मैत्रिणी विचारतात, ‘‘एका मांजरासाठी एवढं?’’ मी वाद घालत नाही. आईला इंजेक्शन शिकवलंय, पुढच्या महिन्यात जाणार आहे.

तुमच्या घरी मांजर असेल, तर आज रात्री एक करा. ते गाढ झोपलं की मिनिटभर त्याचे श्वास मोजा. छाती वर-खाली झाली की एक. तीसच्या आत असतील तर छान. सतत त्याहून जास्त भरले, तर डॉक्टरांना फोन करा. तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा मागचे पाय अचानक लुळे पडले, तर सकाळची वाट बघू नका. पेढ्याचे काल रात्री चोवीस होते.