शर्यत मैदानावरची, निवड ओळखीतली

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वेगवान शर्यतींत कृष्णवर्णीय धावपटू मोठ्या संख्येने दिसतात. मुख्य प्रशिक्षक मात्र बहुधा गोरेच असतात. गुणवत्ता कमी म्हणावी, तर एड टेंपल आठवावेत. टेनेसी स्टेट विद्यापीठातल्या या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाच्या तालमीत तयार झालेल्या विल्मा रुडॉल्फने १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये ३ सुवर्णपदके जिंकली.

घोडे अडते ते ओळखीपाशी. जागा रिकामी झाली की आधी माहितीतल्यांना फोन जातात. कृष्णवर्णीय सहायकाकडे अनेकदा धावणे, उड्या आणि नवे खेळाडू आणणे एवढेच काम येते. संघ चालवण्याची संधी मिळत नाही आणि मग 'अनुभव नाही' म्हणून नाव मागे पडते.

२०२० मध्ये वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने बास्केटबॉलपटू बिल रसेल यांच्या नावाने नियम केला : मुख्य प्रशिक्षकपदाच्या अंतिम उमेदवारांत उपेक्षित समाजातले कोणीतरी हवेच. यात नोकरीची हमी नाही, पण दार उघडते.

आपल्या आयटीतही रेफरल चालतेच. ओळखीच्यांना जरूर द्या. पण पुढचे एक रेफरल ज्याची कुठेच ओळख नाही, अशा लायक मुलाला किंवा मुलीला देऊ या.