बैलांची शर्यत पाहावयास जाताना

स्पेन देशात गेलेला प्रवासी बैलझुंजीचा एखादा जुना आखाडा पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. रोंदा गावचा दगडी आखाडा १७८५ साली खुला झाला, माद्रिदचा लास व्हेन्तास १९३१ साली. झुंज नसेल त्या दिवशीही तिकीट काढून तेथे आत जाता येते. झुंजीच्या दिवशी उन्हातल्या बाकाचा दर निराळा व सावलीतल्या बाकाचा निराळा. बार्सेलोनाच्या लास आरेनास या आखाड्यात तर २०११ पासून बाजारपेठच थाटली आहे.

आमच्या बारामती-इंदापूरकडे बैलांसाठी असा बांधीव आखाडा नाही. बेलवाडीस तुकोबांच्या पालखीचे रिंगण होते, त्याचे कडे माणसांचेच असते. शर्यतीचे मैदानही त्याच जातीचे. रब्बीचे पीक निघाले की एखादे रान मोकळे करतात, चाकोऱ्या आखतात, आणि जत्रा आटोपली की तेथे पुन्हा नांगर फिरतो. माहिती सांगणारी पाटी नाही की वाटाड्या नाही. म्हणून पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार गोष्टी येथे सांगतो.

पहिली गोष्ट, आपण काय पाहणार ते ओळखावे. खेड, जुन्नर, आंबेगाव या उत्तरेकडील तालुक्यांत शर्यत चढाच्या घाटात होते. चार बैल, त्यांच्या पुढे घोडीस्वार, एका वेळी एकच गाडा, आणि निकाल घड्याळावर. आमच्याकडे सपाट मैदान, हलकी छकडी, तिला दोन बैल आणि वर हाकणारा. अनेक छकड्या शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून एकदम सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल, अशी दिवसभराची चाळणी असते. बैल बहुधा खिल्लार, पांढऱ्या अंगाचे आणि मागे वळलेल्या लांब शिंगांचे. स्पेनमध्ये झुंजीचा शेवट बैलाच्या मरणात होतो. येथे बैल संध्याकाळी गोठ्यात परत गेला पाहिजे. हा फरक फार मोठा आहे आणि तो राखण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावरही आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. तेव्हा आजची शर्यत ही अटींवर मिळालेली गोष्ट आहे. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी हवी, धाव एक हजार मीटरच्या आत हवी, आणि चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे. निघण्यापूर्वी गावात विचारावे की परवानगी आहे काय. नसेल तर त्या मैदानाकडे फिरकू नये.

तिसरी गोष्ट स्वतःच्या जिवाची. जत्रांचे दिवस बहुतेक चैत्र-वैशाखाचे. उन्हातला आणि सावलीतला बाक असा भेद येथे नाही, सगळेच उन्हात. बाभळीची सावली मिळाली तर नशीब. पाणी, टोपी आणि उपरणे बरोबर असावे. शक्य तर सकाळीच पोहोचावे. उभे राहावयाचे ते अडसराच्या मागे, आणि चाकोरीच्या शेवटाला तर मुळीच नाही, कारण रेषा ओलांडल्यावर बैल जागच्या जागी थांबत नाहीत. एक फेरी संपून दुसरी सुटेपर्यंत मैदान मोकळे दिसते. त्या वेळी ते ओलांडण्याचा मोह टाळावा. मुलाचा हात सोडू नये. बांधलेल्या बैलाजवळ जाणे असेल तर मालकाला विचारून जावे, मागून कधीच जाऊ नये.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पाहुणा निकालाकडे पाहतो. त्याने बैलाकडे पाहावे. तोंडाला फेस आहे काय? पाठीवर, मांडीवर वळ आहेत काय? हाकणारा शेपूट पिरगळतो काय, लपवून आणलेली पराणी टोचतो काय? धावून आलेल्या बैलाला पाणी आणि सावली मिळते काय?

आमचे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून आम्हांस यात एक जुना हिशेब दिसतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती सांगितली. १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने नियम केले, त्यांतही नेमके तेच आकडे आहेत: दिवसाला नऊ तास, सलग पाच तास. शिवाय पारा सदतीस अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. यंत्रावरचा माणूस आणि जुवाखालचा बैल यांच्या श्रमाला कायद्याने एकच माप लावले. माणसाने ते माप संघटना करून मिळविले. बैलाला संघटना करता येत नाही. त्याच्या वतीने कोणी तरी बोलावे लागते.

याच न्यायाने एक गोष्ट आणखी. शर्यतीतल्या बैलाचा कळवळा येणाऱ्या पाहुण्याने हिवाळ्यात कधी भवानीनगर किंवा माळेगावच्या कारखान्याच्या वाटेवर उभे राहावे. मराठवाड्यातून आलेला ऊसतोड कामगार पहाटेपासून राबतो, आणि त्याचे बैल ऊस भरलेली गाडी ओढतात. तेथे टाळ्या नाहीत, बक्षीस नाही आणि चित्रे घेणाराही कोणी नाही. त्या बैलाचे नऊ तास कोण मोजतो आणि त्या माणसाचे कोण? शर्यत दिवसाची, ही ओढ हंगामभराची.

म्हणून आमचे सांगणे शर्यत पाहू नका असे नाही. शेतकऱ्याने पोटच्या पोरासारखा वाढविलेला खिल्लार मोकळ्या रानात धावतो, ते पाहण्यासारखेच आहे. पण चाबूक दिसला तर तेथल्या तेथे पंचांना सांगा. ते ऐकत नसतील तर पोलिसांना सांगा आणि मैदान सोडा. मैदान भरते ते प्रेक्षकांनी. चाबकाची छकडी जिंकली तरी टाळी मिळत नाही, असे चार जत्रांत दिसले तर पाचव्या जत्रेला चाबूक घरीच राहील.